गुरुवारचं ताट

शहरीखान, १४ सप्टेंबर, गुरुवार

होशिमजान, माझ्या भावा,

तुझी पोरगी पोचली. काल दुपारी अंदिजानच्या स्टेशनवर उतरली तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तू पाठवलेला सैबेरियाच्या मधाचा डबा आणि अंगात गुडघ्याच्या वर जाणारा झगा. मी आधी तिच्याभोवती शाल गुंडाळली, मग मिठी मारली, मग रडले. नाक अगदी आपल्या आईचं घेऊन आलीय रे. मला बघून "अम्मा" म्हणाली. बापाच्या बहिणीला अम्मा म्हणतात एवढं तरी शिकवलंस, बाकी सगळी बोंबच आहे.

मध फडताळात ठेवलाय. रविवारी सगळे नातेवाईक जमतील तेव्हा ताज्या नानबरोबर डबा फोडेन. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. शेजारचा नोझिम तिकडे कामावर परत निघालाय, त्याच्या हाती देईन.

आज गुरुवार, म्हणजे माझ्या खानावळीत ओशचा, आपल्या मटण-भाताचा दिवस. एवढी घोडी झाली आणि सेवारानं ओश कधी खाल्लेला नाही! मी विचारलं, बाप काय खाऊ घालत होता तुला? म्हणाली, कोबीचं सूप, बटाटे, कधी शेवया. घरात ओशचं नाव निघालं की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात. मी पुढे विचारलं नाही. का जातोस ते मला ठाऊक आहे.

सकाळपासून कढईजवळून हलली नाही. शेपटीची चरबी वितळायला लागली तेव्हा नाक मुरडलं, कांदा लाल झाला तेव्हा जवळ सरकली, मटणावर पिवळ्या गाजरांचा थर पडला तेव्हा म्हणाली, अम्मा, एवढी गाजरं? मी म्हटलं, तू गप बस आणि बघ. तांदूळ वर आला, लसणाचे अख्खे गड्डे खोचले, झाकण पडलं. मग तिला भूक धरवेना, सारखी झाकणाकडे बघायची.

मी तिला आत स्वयंपाकघरात वाढणार होते. ती ऐकेचना. म्हणे, बाहेर अंगणातच बसायचंय, सगळ्यांसारखं. शेवटी पाण्याच्या पाटाकडेच्या लाकडी चौथऱ्यावर बसवलं, तुतीच्या झाडाकडे पाठ करून. काटा मागितला बाईसाहेबांनी. मी म्हटलं, काटा गवत उपसायला, हात धू. पहिला घास मी माझ्या हातानं भरवला, मानाच्या पाहुण्याला भरवतात तसा. चावता चावता थांबली. मला वाटलं चरबी घशाला लागली. तर डोळे पुसत म्हणाली, "बाबांच्या कोटाच्या खिशात जिऱ्याची पुडी असते. तो वास आहे हा."

इतकी वर्षं खिशात जिरं घेऊन फिरतोस होय रे, वेड्या.

मग तिला बोटांनी गोळा करून, ताटाच्या कडेला दाबून, अंगठ्यानं तोंडात ढकलायला शिकवलं. निम्मा भात मांडीवर सांडला, बोटं पोळली, तरी दोन ताटं फस्त केली. आजूबाजूचे म्हातारे खदखदून हसत होते.

आता खरं लिहायचं ते लिहिते. गुरुवार होता, म्हणजे हैदरअली आला होता. तू पळालास तेव्हापासून तो एक गुरुवार चुकलेला नाही. बटेर पक्ष्यांच्या झुंजीवरून तू त्याचा भाऊ बोतिर जिथं आडवा केलास, तुतीखालच्या त्याच चौथऱ्यावर येऊन मांडी घालतो. ओश मागवतो आणि त्याला शिवत नाही. तुझं पातं अडवताना चिरली गेलेली उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवून ताट गार होईपर्यंत बघत बसतो आणि उठून मटणाच्या दुकानावर परत जातो. अख्ख्या गावाला कळतं की हैदरअली खाटकानं या घरचं मीठ खाल्लेलं नाही, म्हणजे या घरचं रक्त काढायला त्याचा हात अजून मोकळा आहे. पोलिसांचं प्रकरण केव्हाच थंडावलं, त्याचं नाही. मला बाई म्हणून सोडलंय. वाट बघतोय ती तुझी, नाही तर तुझ्या पोटच्या लेकराची, मग पोरगा असो की पोरगी. ते ताट मी कुत्र्यांना घालते. म्हणूनच तुला कळवलं होतं की पोरीला शुक्रवारनंतर पाठव, आणि तू नेमकी बुधवारी इथं पोचणारी गाडी पकडून दिलीस.

मी कढईवर होते. वळून बघते तर सेवारा त्याच्या चौथऱ्यावर. त्याचा चहाचा पियाला तिनं काठोकाठ भरला. बसलेल्या माणसाला भरलेला पियाला म्हणजे ऊठ, चालता हो. मी झारा हातात घेऊनच धावले. तोवर तिनं त्याच्या गार ताटातला भात बोटांनी गोळा केला, गुडघ्यावर बसली आणि घास त्याच्या ओठांशी नेला. मोडक्या भाषेत म्हणाली, "आजोबा, हात दुखतो ना? मी भरवते."

त्यानं मान फिरवली. ती हसून दुसऱ्या बाजूला सरकली. लहान पोरीच्या हातचा घास परत करायचा तर किती दगड व्हावं लागतं माणसाला. तिला तो ओळखत नव्हता. त्यानं तोंड उघडलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग ती म्हणाली, मी सेवारा, होशिम उस्तादांची मुलगी.

तो उठला, पाटाच्या कडेला गेला, डाव्या हाताची बोटं घशात घालून ओकायला लागला. पाणी आलं, पित्त आलं, घास काही आला नाही. मग कुणाकडे न बघता निघून गेला. बाकी काही झालं नाही, पोरगी ठीक आहे.

पण त्यानं आपलं मीठ खाल्लं, होशिम. कळतंय का तुला? पोरीनं न कळत केलं आणि इतक्या वर्षांचा छातीवरचा धोंडा हलला. आता कदाचित तू घरी येशील. मी आताच तुझी गादी उन्हात टाकलीय.

तुझी ओपा, आईमागं तुझी आई झालेली थोरली बहीण,
मुकद्दस


शहरीखान, १६ सप्टेंबर, शनिवार

होशिम,

नोझिमचं जाणं लांबलं, म्हणून परवाचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. त्यात हे जोडते. आधी परवाचं खोटं दुरुस्त करते. बाकी काही झालं नाही असं मी लिहिलं, ते तू घाबरू नयेस म्हणून. झालं होतं. पोरीनं तुझं नाव घेतल्याबरोबर हैदरअलीनं तिची वेणी उजव्या मनगटाला गुंडाळून मान मागं खेचली होती आणि डाव्या हातानं कमरेची सुरी तिच्या गळ्याला लावली होती. हाडावरून मांस सोडवायची सुरी, तीही तू इथं सुऱ्या घडवायचास तेव्हाची, मुठीवरचं तुझ्या शिक्क्याचं कमळ मी ओळखलं. गळ्यावर रक्ताची रेघ उमटली. सगळे पुरुष बसल्या जागी थिजले, एकाच्याही बुडाला हलायला जमलं नाही. त्याच्या दाढीत भाताची दोन शितं अडकली होती. मग तो ओरडला, माणसासारखा नाही, आणि सुरी तिच्या मांडीशेजारी फळीत खुपसून पाटाकडे धावला. ओकाऱ्या त्याच्या नंतरच्या.

पोरीनं गळ्याला रुमाल बांधला आणि मला म्हणाली, अम्मा, मी काय चुकीचं केलं? मी तिला काय सांगू?

आता आजचं. लिहिताना हात दुखतोय, अक्षर वाकडं येईल, चालवून घे.

सकाळी आम्ही दोघी गाजरं चिरत होतो. तंदूर पेटलेला होता. हैदरअलीचे दोघे पोरगे फाटक लाथेनं उघडून आत आले, थोरला शोकिर आणि धाकटा एर्किन. गावात बभ्रा झाला होता की मुकद्दसनं पोरीला पुढं करून म्हाताऱ्याला फसवून मीठ चारलं. शोकिर म्हणाला, म्हातारे, तुझी अक्कल मोठी, पण ती आमच्या बापावर चालवलीस. मी म्हटलं, माझ्या अंगणात पादत्राणं काढून बोल. त्यानं कढईच मारली लाथेनं. तापत ठेवलेलं तेल माझ्या पायावर आलं. कातडी कशी गुंडाळत जाते ते मी पाहिलं, दुखणं मागून आलं.

एर्किननं पियाले फोडले, पातेली फोडली, तुतीखालचा चौथरा कुऱ्हाडीनं फोडला. शोकिरनं सेवाराला वेणीला धरून तंदूरकडे ओढत नेलं. नानऐवजी हिचं तोंड आत चिकटवतो, म्हणाला. ती रशियन भाषेत किंचाळत होती, तंदूरच्या कडेला हात टेकले होते तिनं, तळवे भाजत होते तरी सोडत नव्हती. पोरीच्या केसांचा जळका वास आला मला. होशिम, मी आयुष्यभर मारामारीला शिव्या घातल्या, तुलाही घातल्या. पण आज लोखंडी झारा उचलला आणि शोकिरच्या कानशिलात असा घातला की कान फाटून लोंबला. दुसरा घाव घालणार तोच एर्किननं माझ्या बरगडीत लाथ घातली. मी पडले, तरी शोकिरची पोटरी दातांत धरली. तोंडात त्याचं रक्त आलं. मला लाज वाटत नाही सांगायला, सोडलीच नाही.

तेवढ्यात हैदरअली आला. दुकानातून धावत आला असणार, अंगावर रक्ताचं फडकं, डाव्या हातात हाडं फोडायचा सत्तूर. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटून पोरीचा पाय धरला.

"सोड तिला," तो म्हणाला.

शोकिर म्हणाला, बाबा, बोतिर काकाचं रक्त आहे या घरावर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. हैदरअलीनं पुन्हा सोड म्हटलं. शोकिरनं वेणी हाताला आणखी एक वेढा देऊन आवळली. म्हाताऱ्यानं सत्तूर उलटा धरला आणि बोथट कडेनं पोराच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज गल्लीत ऐकू गेला, शेजारीण सांगत होती. वेणी सुटली. शोकिर गुडघ्यावर बसला, हात नुसता लोंबत होता, उजवा हात, बापासारखाच. रडत म्हणाला, तुम्हाला फसवून खाऊ घातलं, बाबा.

"पोटाला ते कळत नाही," हैदरअली म्हणाला. "हिच्या हातचं मीठ माझ्या पोटात आहे. हिला हात लावायचा तर आधी माझं पोट फाडायचं."

एर्किननं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. मग तो म्हातारा कमरेचा शेला सोडून पोराचा मोडका हात बांधायला बसला. डाव्या हातानं गाठ बसेना, उजव्याची बोटं वळेनात. हुंदके देत होता. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

सेवाराच्या तळव्यांना मी दही लावून फडकी बांधलीत. माझा पाय फुगलाय. देवाची दया म्हणायची. तिला आता गावात कुणी हात लावणार नाही.

मुकद्दस


शहरीखान, १९ सप्टेंबर, मंगळवार

होशिम उस्ताद,

पोरीला दोन रात्री ताप होता. काल उतरला. मी तिला दूध पाजत होते, म्हटलं, बाळ, तुला सुचलं तरी कसं त्या म्हाताऱ्याला भरवायचं? देवानंच बुद्धी दिली. तर ती म्हणाली, "देवानं कशाला, बाबांनीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, काय सांगितलं होतं?

सगळं सांगितलं तिनं, काही लपवायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तू म्हणालास, गुरुवारी आत्याच्या खानावळीत एक म्हातारा येतो, बोटं वाकडी, ताटाला शिवत नाही. माझा जुना मित्र आहे, रुसलाय. त्याला तुझ्या हातानं एक घास भरव, मग तो मला घरी येऊ देईल. आत बसू नकोस, अंगणात बस. आत्याला आधी काही बोलू नकोस, तिला आनंदाचा धक्का देऊ. आणि नाव लगेच सांगू नकोस, घास गिळल्यावर सांग.

घास गिळल्यावर.

होशिम, मला दूध पाजणं पुढे जमलं नाही. वाटी खाली ठेवली आणि अंगणात आले. तुला ताटाचं माहीत होतं, कारण दर वर्षी मीच तुला रडून सांगत आले. तू बुधवारची गाडी विचार करून निवडलीस. तुझी पोर त्या सुरीखाली मान द्यायला तू पाठवलीस, आणि तिला वाटतंय बाबांनी एक गोड काम सांगितलं. त्यानं तोंड उघडायच्या आधी तिचं नाक ओळखलं असतं तर? आपल्या आईचं नाक आहे ते, गावात कुणीही ओळखलं असतं. सुरी फळीत न जाता गळ्यात गेली असती तर काय करणार होतास? तिकडे बसून कोबीचं सूप पीत राहणार होतास?

बोतिरला मारलंस तेव्हा मी म्हटलं, दारू होती, बटेर हरली होती, पोरसवदा होतास, डोकं फिरलं. सगळ्या गावाशी तुझ्यासाठी भांडले. माझं लग्न मोडता मोडता राहिलं, तरी तुझं नाव टाकलं नाही. या वेळी तू प्यालेला नव्हतास. तिकीट काढायला रांगेत उभा राहिलास, पोरीला शब्दन् शब्द पढवलास, मधाचा डबा हातात दिलास. मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. समोर असतास तर झारा तुझ्या डोक्यात घातला असता.

आज सकाळी लंगडत मटणबाजारात गेले. पोरगी बरोबर आलीच. हैदरअली बकरा सोलत होता. मी सगळ्यांसमोर, त्याला थोरल्या भावासारखं अका म्हणून, सांगितलं, हैदरअली अका, तुम्हाला फसवलंय. तो घास माझ्या भावानं तिकडून पाठवला होता, बेत त्याचा होता. हे मीठ तुम्हाला लागू नाही, तुम्ही मोकळे आहात. पोरगी माझ्या शेजारी, त्याच्या सुरीच्या अंतरावर उभी होती. पण खोट्या मिठाच्या आडोशाला तिला जगवायचं नव्हतं मला. उद्या कुणीतरी त्याला सांगितलंच असतं, आणि मग?

त्यानं सुरी पुसली. विचारलं, पोरीला ठाऊक होतं का? मी म्हटलं, नाही. तो तिच्यासमोर आला. तिचे फडक्यात बांधलेले हात त्यानं उलटसुलट करून पाहिले. मग मला म्हणाला, "तिनं खरंच भरवलं. तिचा घास खरा. तुम्ही दोघी माझ्या घरच्या."

मी विचारलं, आणि होशिम?

"त्याच्या हातचं मी अजून काही खाल्लेलं नाही," तो म्हणाला आणि बकऱ्याकडे वळला.

मुकद्दस


शहरीखान, २८ सप्टेंबर, गुरुवार

तुझे फोन येतात ते मी घेत नाही. सेवारा घेते, मग तिकडे तू रडतोस आणि इकडे ती. काल विचारत होतास म्हणे, आता येऊ का. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहून कळवते.

चौथरा सुतारानं नवा केला. पाय भरत आलाय. सेवाराच्या तळव्यांवर नवी कातडी आलीय, गुलाबी, झारा अजून धरवत नाही पण तांदूळ निवडते. परत जायचं का विचारलं तर म्हणाली, अम्मा, मला आधी ओश करायला शिकव. ती इथंच राहील. तिच्या आईला मी वेगळं लिहिलंय आणि त्यात काही लपवलेलं नाही.

गेल्या गुरुवारी खानावळ बंद होती. आज दुपारी हैदरअली आला. मांडी घातली. ताट समोर ठेवलं तेव्हा सगळं अंगण आपापल्या ताटात बघत असल्याचं सोंग करत होतं. वळत नाहीत त्या बोटांनी त्यानं भात गोळा करायला घेतला, निम्मा सांडला. सेवारा पुढे झाली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. स्वतःच्याच हातानं खात राहिला. खूप वेळ लागला. ताट पुसून काढलं. एवढा धीट खाटीक, खाताना नाकातून पाणी गळत होतं त्याच्या. शोकिर फाटकाबाहेर उभा होता, गळ्यात हात बांधलेला. मी त्याला नान आणि ओश नेऊन दिला. फाटक्या कानामुळं माझ्याकडे बघवेना त्याला, पण घेतलं, आणि भिंतीला टेकून खाल्लं.

हैदरअलीनं चहा घेताना भिंतीतल्या फडताळाकडे बोट केलं. तिथं तुझा मध आहे, पाहुण्यांसमोर, सगळ्यांना दिसेल असा. विचारलं, हे काय? मी म्हटलं, होशिमनं पाठवलाय. त्यानं डब्याचं झाकण नीट निरखून पाहिलं. लाखेचं सील तसंच आहे, तू लावलेलं. गेल्या रविवारी नातेवाईक जमले, पोरं मध मागून मागून रडली. मी कुणाला बोट लावू दिलं नाही, सेवारालाही नाही.

त्यानं ताट पुढं सरकवून आणखी वाढायला सांगितलं.

गादी मी गुंडाळून माळ्यावर टाकलीय. तू शहरीखानचाच आहेस. तुझ्या हातचं समोर असून न खाणाऱ्या घराचा अर्थ तुला मी समजावून सांगायला नको.

मुकद्दस